मदत हवी आहे : परदेशात काढलेले अनोळखी मुलीचे छायाचित्र ठेवावे की पुसावे?

नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही उभयता जपानला जाऊन आलो. त्या प्रवासात काढलेल्या एका छायाचित्रावरून मी गेले दोन महिने पेचात आहे. एप्रिलमध्ये मुलीकडे जर्मनीला जायचे असल्यामुळे हाच प्रश्न तिथेही समोर येणार, हे उघड आहे. म्हणून येथील जाणकारांचे मत विचारत आहे. लेखन थोडे लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

घडले ते असे. नोव्हेंबरच्या मध्यावर जपानमध्ये ‘शिचि-गो-सान’ साजरे करतात. तीन व सात वर्षांच्या मुलींना आणि पाच वर्षांच्या मुलांना किमोनो नेसवून देवाच्या पाया पडायला नेतात. मुख्य दिवस १५ तारखेचा असला, तरी आगेमागच्या शनिवार-रविवारी देवळे भरलेली असतात. क्योटोतील एका लहान शिंतो देवळात आम्ही सहज म्हणून शिरलो, तेव्हा तीनेक वर्षांची एक मुलगी पायरीवर एकटीच बसली होती. एका पायातली चप्पल निघून खालच्या पायरीवर पडली होती. सारस आणि कासव छापलेली, तिच्या निम्म्या उंचीची कागदी पिशवी मांडीवर घेऊन ती आत जवळजवळ डोके घालून पाहत होती. त्या पिशवीत तांबड्या-पांढऱ्या गोळीच्या लांब कांड्या असतात आणि त्या मुलांना दीर्घायुष्य लाभावे म्हणून देतात, हे मला नंतर कळले. मी वीसेक फुटांवर उभा होतो. लांब पल्ल्याची लेन्स लावलेलीच होती; मी चार चित्रे घेतली.

तेवढ्यात तिचे वडील आले. त्यांनी आवाज चढवला नाही की माझ्या कॅमेऱ्याला हात लावला नाही. छातीपुढे दोन्ही हातांची फुली करून त्यांनी मान हलवली आणि वर कमरेतून वाकून क्षमाही मागितली. चूक माझी आणि क्षमा त्यांची, या प्रकाराने मी इतका ओशाळलो की कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरून चारही चित्रे एकेक करून पुसली. ते पुन्हा वाकले, मीही वाकलो, आणि विषय संपला असे मला वाटले.

तो संपला नव्हता. माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डे बसतात, आणि एखादे कार्ड दगा देईल या भीतीने दुसऱ्यावर आपोआप प्रत पडत राहील अशी व्यवस्था मीच करून ठेवलेली आहे. पडद्यावरून पुसताना समोर दिसत असलेल्या कार्डावरचीच चित्रे गेली. पुण्याला परतल्यावर दुसरे कार्ड संगणकाला लावले, तर ती चारही जशीच्या तशी तिथे होती. त्यातले तिसरे माझ्या तीस वर्षांच्या हौशी छायाचित्रणातले सर्वांत चांगले चित्र आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आमच्या मंडळाचे वार्षिक प्रदर्शन मार्चमध्ये आहे आणि यंदाचा विषय ‘बालपण’ असा आहे. मंडळातील एका स्नेह्यांना ते चित्र दाखवले, तर त्यांनी तिथल्या तिथे चौकटीचे माप सांगायला सुरुवात केली. पत्नीचे म्हणणे एका वाक्यात संपते : “तुम्ही त्या माणसाला पुसले म्हणून दाखवले आहे.” यावर मी बरेच युक्तिवाद करून पाहिले. चेहरा अर्धा पिशवीत आहे. क्योटोतला माणूस पुण्यातले प्रदर्शन पाहायला येणार नाही. चित्रात त्या मुलीचे कौतुकच आहे. मात्र तिच्या वडिलांना जे पटले नसते, तेच मी पत्नीला पटवू पाहतो आहे, हे माझ्याही लक्षात येते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण माझा गोंधळ तिच्यामुळेच वाढला आहे. माझी आई अनेक वर्षे आषाढीची वारी करत असे. एका वर्षी वाखरीच्या मुक्कामावर ती धुतलेल्या लुगड्याचे एक टोक स्वतः धरून आणि दुसरे सोबतच्या बाईकडे देऊन ते वाऱ्यावर वाळवत उभी होती. तेव्हा एका गोऱ्या बाईने तिचा फोटो काढला, न विचारता, अगदी जवळून. आईला त्याचा राग आला नव्हता. तिची तक्रार एवढीच होती की तो फोटो तिला कधी पाहायला मिळाला नाही. “कुठं लावला असंल गं तिनं?” असे ती पुढे कित्येक वर्षे माझ्या बहिणीला विचारायची.

तर माझे विचारणे असे आहे. हे चित्र मी प्रदर्शनात लावू नये, हे बहुधा मला कळते. पण स्वतःजवळ ठेवणेही गैर आहे का? जपानमध्ये आणि जर्मनीत याबाबत कायदा आणि रीत काय आहे? आणि मुख्य म्हणजे, आधी विचारले की माणूस सावरून बसतो आणि ज्यासाठी कॅमेरा उचलला तेच निघून जाते, या अडचणीतून आपण कसा मार्ग काढता?

प्रतिसाद १

मी अकरा वर्षे नागोयात राहते, त्यामुळे जपानपुरते सांगू शकते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली असे तत्त्व मांडले की, पुरेशा कारणाशिवाय आणि संमतीवाचून आपला चेहरा वा रूप टिपले जाऊ नये, हे प्रत्येकाचे स्वातंत्र्य आहे. गंमत म्हणजे तो खटला क्योटोतीलच होता. विद्यार्थ्यांच्या मोर्चाची छायाचित्रे पोलिसांनी काढली होती, आणि त्या प्रकरणात पोलिसांची कृती योग्य ठरली, पण तत्त्व मात्र कायम राहिले. तरीही आपल्याला रोज जाणवते ती कायद्यापेक्षा रीत. येथे विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये फोटो काढल्याचा आवाज बंद करता येत नाही; चोरून फोटो काढण्याला आळा बसावा म्हणून कंपन्यांनी आपणहून तसे ठरवले आहे. माझ्या मुलाच्या शाळेतल्या क्रीडादिनाचे फोटो कोणी समाजमाध्यमांवर टाकले, तर इतर मुलांच्या चेहऱ्यांवर चिकटचित्रे लावूनच टाकतात.

आपण क्योटोतील गिओन या जुन्या वस्तीत गेला असाल, तर गल्ल्यांच्या तोंडाशी लावलेले फलक पाहिले असतील. गेइको (नृत्य-गायनाच्या पारंपरिक कलावंत स्त्रिया) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) यांच्या वाटेत उभे राहून, प्रसंगी किमोनोची बाही ओढून फोटो काढणाऱ्या पर्यटकांना कंटाळून तेथील रहिवाशांनी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत छायाचित्रणाला बंदी केली आणि १०,००० येन दंडाचे फलक लावले. २०२४ पासून तर काही गल्ल्यांत पर्यटकांनी शिरूच नये असे सांगितले जाते. हानामिकोजी हा मुख्य रस्ता सार्वजनिक असल्यामुळे तिथे ही बंदी नाही, पण बंदी नाही म्हणून तिथे कोणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरावा, असे मी म्हणणार नाही.

आपल्या चित्राविषयी माझे मत स्पष्ट आहे. वडिलांनी हातांची फुली केली नसती, तर आपण वाद घातला असता तरी चालले असते. त्यांनी ती केली, आपण मान्य केली. दुसऱ्या कार्डाला ते ठाऊक नव्हते, आपल्याला आहे.

प्रतिसाद २

जर्मनीबद्दल थोडे. तेथे १९०७ सालचा एक कायदा अजून लागू आहे. त्यानुसार एखाद्या व्यक्तीची प्रतिमा तिच्या संमतीनेच प्रसृत करता येते किंवा जाहीरपणे मांडता येते. या कायद्यामागे एक विलक्षण प्रकरण आहे. १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चान्सेलर बिस्मार्क वारले, तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री त्यांच्या घरात शिरून मृतदेहाचे छायाचित्र काढले आणि ते विकण्याची खटपट केली. शिक्षा झाली ती घरात घुसल्याबद्दल. प्रतिमेबद्दल नेमके कलम हाताशी नव्हते, आणि ती उणीव पुढे या कायद्याने भरून निघाली.

अपवाद आहेत. देखाव्यात माणूस केवळ आनुषंगिक असेल, किंवा मिरवणूक-मेळावा असेल, तर प्रत्येकाची संमती लागत नाही. म्हणजे कोलोनच्या कॅथेड्रलसमोरून जाणारी माणसे चालतील, पण कॅथेड्रल अंधुक करून एकाच आजीबाईंचा चेहरा भरून घेतला, तर त्या आजीबाई आनुषंगिक राहत नाहीत. लहान मुले असतील, तर पालकांना विचारावे, आणि खेळाच्या मैदानाच्या आसपास मोठी लेन्स बाहेरच काढू नये. तिथे समज देण्याआधी पोलिसांना बोलावतात. विचारण्यासाठी “दार्फ इश झी फोटोग्राफीरेन?” एवढे वाक्य पुरते.

न्यूयॉर्कमध्ये नेमके उलट आहे. फिलिप-लोर्का दिकोर्चिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत टिपलेल्या एका वृद्ध ज्यू गृहस्थांनी धार्मिक कारणावरून दावा लावला होता. २००६ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि ते चित्र कलाकृती म्हणून संरक्षित आहे असे म्हटले. कायदा छायाचित्रकाराच्या बाजूने उभा राहिला, तरी त्या गृहस्थांची हरकत खोटी ठरत नाही, असे मला वाटते.

प्रतिसाद ३

मी थोडे वेगळे सांगतो. सगळ्यांनी सतत विचारूनच फोटो काढले असते, तर पॅरिसच्या रस्त्यांवरचे विसावे शतक आपल्याला दिसलेच नसते; फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकत, ते लोकांचे लक्ष जाऊ नये म्हणूनच. त्यामुळे न विचारता कॅमेरा उचलणे मी पाप मानत नाही. मात्र नंतर लपू नये. मी चित्र घेतो, लगेच जवळ जातो, पडदा दाखवतो. दहांपैकी आठ जण हसतात आणि आणखी एक काढा म्हणतात. जो नको म्हणेल, त्याचे तिथेच जाते. आपल्या मातोश्रींना त्या बाईने एवढे केले असते, तरी पुरले असते. मोरोक्कोत माराकेशच्या जामा एल-फना चौकात मात्र हा उपाय चालत नाही. तिथे तांबड्या पोशाखातले पाणीवाले आणि गारुडी यांचा तो पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे पैसे आधीच ठरवावेत, नाहीतर नंतर घासाघीस अटळ.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या कार्डाविषयीचे पहिल्या प्रतिसादातले वाक्य पत्नीला मोठ्याने वाचून दाखवण्याची चूक मी केली. काल रात्री कार्डावरची, संगणकावरची आणि आपोआप साठवली गेलेली, अशा सर्व प्रती शोधून पुसल्या. स्नेह्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेली एक राहिली होती, तीही त्यांच्याकडून पुसून घेतली. ते अजून हळहळत आहेत, आणि खरे सांगायचे तर मीही.

प्रदर्शनासाठी शेजारच्या चार वर्षांच्या मुलाचे चित्र काढायचे ठरवले आणि या वेळी त्याच्या आईला रीतसर विचारले. तिने आनंदाने होकार दिला, पण “काका, पाच मिनिटे थांबा, भांग पाडून देते,” असे म्हणून त्याला आत नेले, आणि अर्ध्या तासाने तो पावडर लावून, लग्नातला सदरा घालून, हात सरळ ठेवून माझ्यासमोर उभा राहिला. ते चित्र मी पाठवले आहे. निवड होईल असे वाटत नाही.