अनुभव धागा : घराजवळचे ब्रूपब आणि दोघांचे साधे जेवण

लग्नाचा वाढदिवस, बढती, पाहुण्यांची सरबराई यांपैकी कोणतेही निमित्त नसताना, केवळ स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून दोघांनी घराजवळच्या ब्रूपबमध्ये जाऊन जेवल्याचे अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. ब्रूपब म्हणजे ज्या वास्तूत बिअर तयार होते तिथेच ती जेवणासोबत वाढली जाते, अशी जागा. बाटलीतली बिअर सगळीकडे सारखीच मिळते. इथे मात्र फळ्यावरची यादी टाक्यांच्या रिकामे होण्याप्रमाणे बदलत राहते, आणि त्यामुळे त्याच जोडप्याची तीच संध्याकाळ दुसऱ्यांदा तशीच मिळत नाही. मोठ्या समारंभांची वर्णने कृपया नकोत.

सुरुवात मीच करते. गेल्या मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघे फ्रीज उघडून त्याच्यापुढे काही वेळ उभे राहिलो, मग तो बंद केला आणि चपला घातल्या. ब्रूपबमध्ये काचेच्या भिंतीलगतचे टेबल मिळाले. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या होत्या आणि एक मुलगा त्यांतली एक टाकी धूत होता. आमचे सूप आले, संपले, पुढचे पदार्थ आले, तरी तो धूतच होता. जाता जाता मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की बिअर बनवण्याच्या कामातला बराचसा वेळ धुण्यापुसण्यातच जातो, कारण एखादा नको असलेला जंतू आत राहिला तर सगळी टाकी ओतून द्यावी लागते. हे ऐकताना नवऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे, कारण सकाळची भांडी सिंकमध्ये तशीच होती आणि ती घासण्याची पाळी कोणाची, हा वाद आम्ही घरी अर्धवट सोडून आलो होतो.

*

माझ्या पत्नीचे नाक माझ्यापेक्षा तिखट आहे, हे मला संसाराच्या अकराव्या वर्षी एका ब्रूपबमध्ये चारचौघांत मान्य करावे लागले. बिअरविषयी थोडेफार वाचलेले असल्यामुळे मी तिथे गेलो की मला व्याख्यान देण्याचा मोह आवरत नाही, आणि ती ते शांतपणे ऐकते, निदान ऐकल्यासारखे दाखवते. त्या दिवशी तिने गव्हाची बिअर मागवली होती. उंच ग्लासातली ती गढूळ, सोनेरी बिअर नाकाशी नेऊन ती म्हणाली, ‘यात केळे घातले आहे आणि लवंगही.’ मी तिला समजावू लागलो की बिअरमध्ये पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) आणि यीस्ट (आंबवणारे सूक्ष्म जीव) एवढेच असते, फळे घातलेल्या बिअरचे नाव यादीत निराळे लिहितात, आणि तिला जो वास येतो आहे तो बहुधा शेजारच्या टेबलावरच्या गोड पदार्थाचा असावा. तिने वाद घातला नाही. तिने वेटरला बोलावले, वेटर आत गेला, आणि पायात रबरी बूट घातलेली ब्रूअर, म्हणजे तिथली बिअर बनवणारी, स्वतः बाहेर आली.

तिने दिलेला निकाल असा की आम्ही दोघेही बरोबर होतो, पण माझे बरोबर असणे काही कामाचे नव्हते. टाकीत केळेही नव्हते आणि लवंगही नव्हती. मात्र या प्रकारच्या बिअरसाठी वापरले जाणारे यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करता करता आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचा पदार्थही तयार करते आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातही प्रामुख्याने तोच असतो. लवंगेसारखा वासही त्याच यीस्टच्या करणीचा. आंबवण्याचे तापमान थोडे वाढू दिले तर केळे पुढे येते, असेही तिने सांगितले. म्हणजे माझ्या पत्नीने कोणतेही पुस्तक न उघडता रेणू ओळखला होता आणि मी पुस्तक वाचून शेजारच्या टेबलावर आळ घेतला होता.

हार झाकण्यासाठी मी जर्मनीतल्या बव्हेरियाचा १५१६ सालचा नियम काढला. बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स यांखेरीज काही घालू नये असा तो नियम. त्यात यीस्टचा उल्लेखही नाही, कारण हे सगळे कोण घडवून आणते हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. यीस्टचे काम उलगडणाऱ्या पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने बिअरवरचा आपला अभ्यास १८७६ मध्ये प्रसिद्ध केला, तोवर साडेतीनशे वर्षे उलटून गेली होती. पत्नीने विचारले, ‘पण मग गहू त्या नियमात कुठे बसतो?’ तो बसत नव्हताच. पुढे गव्हाच्या बिअरचा हक्क तिथल्या राजघराण्याने बराच काळ स्वतःकडे राखून ठेवला होता. ‘म्हणजे नियम करणाऱ्यांनाही हीच आवडत होती,’ असे म्हणून तिने माझ्या ताटातला शेवटचा तळलेला बटाटा उचलला. माझे जेवण तोवर गार झाले होते. अलीकडे नवी बिअर आली की आधी तिने वास घ्यायचा आणि मग मी बोलायचे, असा आमचा क्रम ठरला आहे.

*

माझा अनुभव थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मला काळी, भाजलेल्या बार्लीचा कॉफीसारखा कडवटपणा असलेली स्टाउट आवडते आणि माझा नवरा मद्य घेत नाही, तो लिंबू सोडा पितो. गेल्या तीन वर्षांत आम्ही त्या एकाच ठिकाणी असंख्य वेळा गेलो आहोत आणि दर वेळी स्टाउट त्याच्यापुढे व सोडा माझ्यापुढे ठेवला जातो. सुरुवातीला मी चिडत असे. आता वेटर पाठमोरा होईपर्यंत आम्ही दोघेही गंभीर चेहऱ्याने बसून राहतो आणि मग ग्लासांची अदलाबदल करतो. मागच्या आठवड्यात एका नव्या मुलीने न विचारता ग्लास बरोबर ठेवले, तेव्हा आम्हा दोघांनाही काहीतरी चुकल्यासारखे वाटले.

*

आम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहोत आणि यजमान श्रवणयंत्र वापरतात. आमच्या गल्लीच्या टोकाला ब्रूपब सुरू झाले तेव्हा मुलांनी आग्रहाने पाठवले, आणि पहिल्या भेटीत आम्ही दोघांनी एकमेकांशी मोजून चार वाक्ये बोललो असू. तिथले छत उंच, जमीन उघड्या सिमेंटची, एक भिंत काचेची आणि तिच्यामागे धातूच्या टाक्या. आवाज शोषून घेईल असे काहीच नसल्यामुळे प्रत्येक शब्द कुठे ना कुठे आपटून परत येतो. त्यातच एका टेबलावरचे लोक ऐकू जावे म्हणून आवाज चढवतात, मग दुसऱ्या टेबलावरचे चढवतात, आणि अर्ध्या तासात सगळे ओरडत असतात. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो, हे लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच लिहून ठेवले आहे, आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. श्रवणयंत्राला मात्र बायकोचा आवाज कोणता आणि शेजारच्या टेबलावरचे हसणे कोणते, यातला फरक करणे जड जाते.

तरी आम्ही जाणे सोडले नाही. याचे श्रेय यजमानांचे. त्यांनी हा प्रश्न जणू कार्यालयातील प्रकरण असल्याप्रमाणे हाताळला. त्यांचे यंत्र समोरून येणारा आवाज अधिक घेते आणि मागचा कमी करते, असे त्यांना तपासणीच्या वेळी सांगितले होते. त्यावरून त्यांनी ठरवले की आपण कोपऱ्यातल्या टेबलाशी गर्दीकडे पाठ करून बसायचे आणि मी भिंतीकडे पाठ करून त्यांच्या समोर बसायचे. मला तो सारा गोंधळ दिसतो आणि त्यांना फक्त मी दिसते, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय आम्ही साडेसहालाच जातो, गर्दी व्हायच्या आत जेवून निघतो. दोघांत एकच ग्लास घेतो, तोही हलक्या बिअरचा. वेटर कधी काही विचारू लागला तर ते आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहतात, कारण त्याचे म्हणणे मी पुन्हा सांगणार हे त्यांना माहीत असते. मी कधीकधी थोडे बदलून सांगते. गोड पदार्थ हवा का, असे वेटर विचारतो आणि मी यजमानांना ‘बिल आणू का विचारतो आहे’ म्हणून सांगते. त्यांच्या साखरेचा अहवाल पाहिलेल्या कोणीही हे समजून घ्यावे.

*

गाडी कोणी चालवायची, यावर येथे अजून कोणी लिहिलेले नाही याचे आश्चर्य वाटले, कारण आमच्या घरात जेवायला बाहेर पडण्यापूर्वीची खरी चर्चा तीच असते. मी हिशेबाच्या कामात आहे, त्यामुळे एकदा मी हे कागदावर मांडले. अर्धा लिटर बिअरमध्ये ५ टक्के मद्यार्क असेल तर तो २५ मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे २० ग्रॅम होतो. ब्रूपबमध्ये मात्र त्याच आकाराच्या ग्लासात ८ टक्क्यांची बिअरही मिळते आणि तिच्यात ३० ग्रॅमहून अधिक असतो. चवीवरून हा फरक लक्षात येईलच असे नाही, कारण माल्टचा गोडवा तो झाकून टाकतो. शरीर ढोबळमानाने तासाला ७ ते १० ग्रॅम एवढाच मद्यार्क निकालात काढते. कॉफी, गार पाणी, मोकळी हवा यांनी जाग येते, पण या गतीत फरक पडत नाही. नवऱ्याचे आणि माझे वजन जवळपास सारखे आहे, तरी स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच ग्लासाने माझ्या रक्तातली मात्रा अधिक चढते. हे त्याला पटवून द्यायला मला एक संपूर्ण जेवण लागले.

त्यामुळे आमचा नियम असा आहे की घराचे कुलूप लावतानाच ठरवायचे, आणि ज्याने किल्ली घेतली त्याने एक थेंबही घ्यायचा नाही. हा नियम एकदाच मोडला. किल्ली त्याच्याकडे होती, पण फळ्यावर वर्षातून एकदाच येणारी एक बिअर लिहिलेली होती. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती पाहून मीच त्याला घे म्हटले. गाडी तिथेच ठेवून आम्ही पाऊण तास चालत घरी आलो. माझ्या पायात नवे बूट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आणायला तो पुन्हा चालत गेला, मी गेले नाही.

*

सगळेच अनुभव गोड आहेत, म्हणून एक कडू लिहितो. एका संध्याकाळी आम्हा दोघांनाही लागरला, म्हणजे थंडीत मुरवलेल्या बिअरला, लोण्यासारखा वास आला. अगोदर आम्हाला आमच्याच नाकांचा संशय आला, मग ग्लास धुण्यात काही राहिले असेल असे वाटले, म्हणून दुसऱ्या ग्लासात मागवली, वास तोच. लागरमध्ये हा दोष डायअसिटिल नावाच्या पदार्थामुळे येतो. आंबवताना तो तयार होतोच, पण यीस्टला शेवटी काही दिवस थोड्या उबेत राहू दिले तर तेच तो परत शोषून घेते. घाई केली की तो मागे राहतो. वेटरला सांगितले, तर ‘ही बिअर अशीच असते’ असे ठोकळेबाज उत्तर मिळाले आणि दोन्ही ग्लास बिलात लागले. पैशापेक्षा त्या उत्तराचाच राग अधिक आला. पत्नीचे म्हणणे असे की मी घरी येईपर्यंत तोच विषय काढत राहिलो, आणि तिच्या दृष्टीने त्या संध्याकाळचे नुकसान बिअरमुळे झाले नाही, माझ्यामुळे झाले.

*

बाळ झाल्यानंतर चार महिन्यांनी आम्ही प्रथमच दोघे बाहेर पडलो. सासूबाई घरी बाळाजवळ होत्या. पदार्थ येईपर्यंत दोघांनीही फोन टेबलावर उलटे ठेवले होते आणि दोघेही आळीपाळीने ते सरळ करून पाहत होतो. पत्नी मद्यार्कविरहित बिअर प्यायली आणि मी तिला सोबत म्हणून तीच घेतली. एकूण पस्तीस मिनिटे बसलो. बोललो फक्त बाळाविषयी. तरीही परत येताना ती म्हणाली की गरम जेवण गरम असतानाच खाल्ले, हे फार दिवसांनी घडले.

*

धागा काढणारी मी पुन्हा एकदा लिहिते आहे. वरचे अनुभव नवऱ्याला वाचून दाखवले, आणि त्यामुळे काल पुन्हा जाणे झाले. या वेळी आम्ही एका लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास मागवले, फिक्या बिअरपासून काळ्या बिअरकडे जाणारे, कारण कडक चव आधी घेतली तर हलकी चव नंतर जिभेला लागत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याला न दाखवता कागदी रुमालावर दहापैकी गुण द्यायचे ठरवले. रुमाल शेजारी शेजारी ठेवले तेव्हा त्याने ज्याला नऊ दिले होते त्याला मी तीन दिले होते, आणि माझ्या नऊला त्याने दोन. चवथ्या ग्लासाला मात्र दोघांनीही साडेसात दिले होते. साडेसातच, सात किंवा आठ नव्हे. ती लागर होती, आणि तिचाच मोठा ग्लास मागवावा म्हणून वेटरला हाक मारली, तर टाकी त्याच संध्याकाळी संपली होती. नवी टाकी भरली आहे, पण लागर थंडीत अनेक आठवडे मुरावी लागते, म्हणून महिनाभर तरी ती मिळणार नाही असे त्याने सांगितले. रुमाल मी पर्समध्ये ठेवले आहेत. भांडी काल त्याने घासली.