३३४० ऑसिलेटरला लिनिअर एफएम कुठून द्यावा? सल्ला हवा

धागाकर्ती:
ब्रेडबोर्डवर सिंथसायझरसाठी एएस३३४० या चिपचा ऑसिलेटर (सूर काढणारं सर्किट) जुळवलाय. सप्तकाला एक व्होल्ट, चार सप्तकं सुरात लागतात. पण दुसऱ्या ऑसिलेटरची साइन पिचच्या इनपुटला दिली, की पॉट (सिग्नल कमी-जास्त करायचा नॉब) उघडेल तसा मूळ सूरच वर चढतो. मला घंटेसारखा नाद हवाय आणि त्यावर चाल वाजवायचीय. लिनिअर एफएमशिवाय, म्हणजे वारंवारता वर-खाली सारख्याच हर्ट्झनं हलवल्याशिवाय, जमणार नाही एवढं कळलंय. सिग्नल नेमका कुठे सोडू? रझिस्टर किती घेऊ?

प्रतिसाद १:
तिथे सूर चढणारच. २०० हर्ट्झचा स्वर घ्या. एक व्होल्ट वर गेलं की ४००, एक व्होल्ट खाली आलं की १००. चढताना २०० नी चढला, उतरताना १०० नीच उतरला. ±१ व्होल्टच्या साइनला सरासरी वारंवारता सुमारे १२ टक्के वाढते, म्हणजे तुम्ही सा धरलात तर कानावर रे पडतो.

सिग्नल पिन १३ ला द्या. तिथे रेफरन्स करंट येतो, त्याच्या प्रमाणात वारंवारता ठरते: १५ व्होल्टवरून १.५ मेगओममधून १० मायक्रोअँपिअर. तुमचा सिग्नल ±५ व्होल्ट असेल तर पॉटनंतर ४७० किलोओम आणि त्याच्या सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर. कॅपॅसिटर वगळू नका, तो डीसी (स्थिर व्होल्टेज) अडवतो. सिग्नलात नुसतं ५० मिलिव्होल्ट डीसी असलं तरी सूर एक टक्का हलतो, आणि तेवढं कानाला खुपतं.

ही जागा मला आवडते ती वेगळ्याच कारणानं. इथलं मॉड्युलेशन पिचच्या वारंवारतेच्या पटीत वाढतं. दोन्ही ऑसिलेटर एक सप्तक वर नेले की वारंवारतेचा झोकाही दुप्पट होतो, म्हणून नादाचा पोत खालपासून वरपर्यंत तोच राहतो.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. मी सुट्या ट्रान्झिस्टरांच्या सॉ (करवती लहरीच्या) ऑसिलेटरमध्ये करंट थेट इंटिग्रेटरला, म्हणजे लहर चढवणाऱ्या भागाला, दिला होता. झोका हर्ट्झमध्ये ठरलेलाच राहिला. मंद्रात गुरगुर आणि तारसप्तकात जवळजवळ साधा सूर. ढोलासारख्या आवाजांना चालतं, चालीला नाही. घंटेसाठी दोन ऑसिलेटरांचं प्रमाण १:१.४ च्या आसपास ठेवून बघा.

धागाकर्ती:
पिन १३ वर जोडलं. सूर जागचा हलत नाही, मनापासून आभार! फक्त पॉटच्या अगदी शेवटी पुन्हा किंचित चढतो.

प्रतिसाद १:
४७० किलोओमनं शिखराला १०.६ मायक्रोअँपिअर जातात, रेफरन्स १० चाच. करंट शून्याखाली जाऊ शकत नाही, तेवढा वेळ ऑसिलेटर थबकतो. खालचा भाग कापला गेला की सरासरी वर जाते. ५६० किलोओम लावा, मग पूर्ण पॉटलाही रेफरन्सच्या ८९ टक्क्यांवर थांबाल. त्यापलीकडे जायचं तर शून्य ओलांडल्यावर उलटा धावणारा, थ्रू-झिरो प्रकारचा ऑसिलेटर लागतो. ३३४० मध्ये ती सोय नाही.