पणजोबांच्या पदकांची चौकट उघडावी का? काशाच्या चकतीवर हिरवी पूड

माजघर:
गावच्या घरी (सातारा जिल्हा) पणजोबांची चौकट आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून ते मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले आणि १९१६ साली कामी आले. आत बशीएवढी काशाची चकती (युद्धात कामी आलेल्याच्या घरच्यांना सरकार देई ती स्मृतिचकती), फितीला लावलेली दोन पदकं आणि फोटो. लाल मखमल, मागे प्लायवूड. चकतीच्या कडेला पिस्त्याच्या रंगाची पूड दिसते, चांदीचं पदक काळं पडलंय, फोटो एका कोपऱ्यात काचेला चिकटलाय. फ्रेमवाला म्हणतो, सगळं पॉलिश करून नवीन फ्रेममध्ये लावतो. द्यावं का?

तांबट:
पॉलिशला देऊ नका. चकतीवर हुद्दा नसतो, फक्त नाव, तेही उठावाचं. हुद्दा, नंबर आणि पलटण पदकांच्या कडेवर ठोकलेली असते. बफ मारला की पहिली ती अक्षरं जातात, आणि तुमच्याकडे तोच एक पुरावा आहे असं समजा.

पूड कोरडी आहे की मेणचट ते बघा. मेणचट असेल तर तेल-चामड्याचा परिणाम; ॲसिटोन लावलेल्या कापसाने निघते. कोरडी, फिकी आणि झटकल्यावर पुन्हा येणारी असेल तर क्षार धातूत शिरलेत. दमट हवेत ते धातू खात राहतात. बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने पूड काढा, डिस्टिल्ड पाण्यात धुवा, ड्रायरने पूर्ण सुकवा, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. दोन-तीन आठवडे उघडी ठेवून लक्ष ठेवा. पुन्हा पूड आली तर संग्रहालयाच्या कामाचा संवर्धक गाठा. चिंच, लिंबू, घासायची पावडर बिलकूल नको. तपकिरी छटा मूळची आहे, ती राहू द्या. हातमोजे घाला, घामात मीठच असतं.

चांदीच्या काळेपणाने बिघडत काही नाही. लोकरी बनात किंवा रबर आत असेल तर मात्र तो वाढत जातो.

कागदी:
फोटो ओढू नका आणि ओलाही करू नका. जिलेटिनचा थर काचेला धरलेला असतो, तो कागदावरून सोलून येतो. काचेसकट ६०० डीपीआयने स्कॅन करा, काच-फोटो जोडी तशीच जपा, चौकटीत प्रत लावा.

नवी चौकट खोक्यासारखी, आतून दीड इंच खोल. प्लायवूडच्या आम्लाने कागद पिवळा पडतो, म्हणून पाठीला आम्लरहित बोर्ड. काच आणि वस्तू यांत निदान ५ मिमी अंतर. जुन्या फितीवर पदकाचं वजन देऊ नका: १२ सेंमीची चकती आणि पदकं बोर्डाला पॉलिएस्टरच्या पट्ट्यांनी आधारा, फीत नुसती दिसायला. नवी फीत लावलीत तर जुनी पाकिटात मागे.

खुंटी:
बाहेरच्या भिंतीला टांगू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. चारही कोपऱ्यांना मागून बुचाचे ५ मिमीचे तुकडे, म्हणजे हवा खेळते. सिलिका जेलची पुडी आत कोंडून विसरलात तर काही उपयोग नाही, ती भरून बसते.

पलटणीचा आकडा १०३, ११० किंवा ११७ असेल तर ती मेसोपोटेमियातल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६; शेवटी फौज शरण गेली. मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल तर कैदेत गेले असण्याची शक्यता धरा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर नंबर आणि पलटणीने शोधा, आडनावाने नको. कारकुनांनी कदम-सावंतांचं काय काय करून ठेवलंय!

माजघर:
चकती मागून फेविकॉलने चिकटवलेली निघाली.

तांबट:
सुरी घालू नका. फोटो आणि फिती आधी बाजूला काढा, मग ॲसिटोनचा बोळा मागच्या कडेला दहा-दहा मिनिटं, खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून. फेविकॉल मऊ झाल्यावर दोरा करवतीसारखा फिरवा.