जुनी सहा गिअरची स्टील फ्रेम फिक्स्ड करायची आहे: १२० चं चाक १२६ मध्ये बसेल का?

बर्डीचा_पॅडल

नमस्कार मंडळी. जुनी स्टीलची रेसर फ्रेम आहे, सहा गिअरची. तिला फिक्स्ड करून (म्हणजे मागचं चाक फिरलं की पॅडलही फिरणार, पाय थांबवता येत नाहीत) नागपुरात सकाळी अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स असा फेरा मारायचा विचार आहे. पार्ट जुळवता जुळवता डोकं भंजाळून राहिलं. जे आहे ते असं:

मागच्या खाचा पुढच्या बाजूने उघडतात, तिरप्या आहेत, चाक जवळपास २० मिमी मागेपुढे सरकतं. दोन खाचांमधलं आतलं अंतर १२६ मिमी. क्रँक चौकोनी एक्सलवरची, १७० मिमी, चेनरिंग ५२ आणि ४२ दात्यांच्या, पाच बोल्ट, बीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) १३०. चाकं २७ × १ १/४, मागे आट्यांवर चढणारं फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक मोकळं फिरू देणारं).

ऑनलाइन फिक्स्डचं तयार चाक दिसून राहिलं: ७००सी (रिमचं माप), ३२ स्पोक, फ्लिप-फ्लॉप हब (एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील), पण हबची रुंदी १२० मिमी. एका दुकानात विचारलं तर म्हणे, "कायले नवीन चाक घेता, सिंगल फ्रीव्हील वेल्ड करून देतो, झालं फिक्स."

वेल्ड चालेल का? १२० चं चाक १२६ मध्ये बसेल का? चेन १/८ घेऊ की ३/३२ (इंचातली रुंदी)? आणि गिअर ४८×१६ (पुढचे दाते × मागचे दाते) ठीक राहील का? सांगा न भाऊ.

उलटे_आटे

वेल्ड करू नका. वेल्ड बरा होत नाही म्हणून नाही, कितीही चांगला केला तरी चूक तीच राहते. फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४, सुलटे. पुढे पॅडल मारताना ते आवळत जातं. फिक्स्डमध्ये तुम्ही पायाने मागेही दाबणार, म्हणजे प्रत्येक वेळी वेग कमी करताना ते सुटण्याच्या दिशेने फिरणार. त्याला अडवायला काहीच नाही.

खऱ्या ट्रॅक हबला त्या बाजूला दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, १.३७ इंच × २४, सुलट्या आट्यांची. तिच्यावर कॉग (मागची दातेरी चकती) चढतो. बाहेरची लहान, १.२९ इंच × २४, उलट्या आट्यांची. तिच्यावर लॉकरिंग (कॉगला अडवणारी कडी). कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला आपल्याबरोबर फिरवू पाहतो, पण लॉकरिंगचे आटे उलटे असल्याने ते त्या फिरण्याने आणखी आवळतं. सगळी गंमत एवढीच आहे.

चाक हातात आलं की व्हर्निअर लावा. मोठी पायरी साधारण ३४.८ मिमी, लहान ३२.८ च्या आसपास यायला हवी. फ्लिप-फ्लॉप हबच्या दुसऱ्या बाजूला एकच पायरी असते, ती फ्रीव्हीलची, तिथे कॉग लावायचा नाही. लॉकरिंग घेताना बघा, जुन्या कॅम्पाग्नोलो मापाचं १.३२ इंच असतं. ते १.२९ च्या हबवर सहज सरकतं, घट्ट झाल्यासारखंही वाटतं आणि पहिल्याच जोराच्या दाबाला हबचे ॲल्युमिनियमचे आटे सोलून काढतं. सैल लागलं तर ते तुमचं नाही, भाव करत बसू नका.

१२० चं चाक १२६ मध्ये बसतं. एक्सलवर दोन्ही बाजूंना ३ मिमी जाडीचा एकेक स्पेसर घाला. हबला कार्ट्रिज बेअरिंग असेल तर थेट लॉकनटच्या बाहेर. १० मिमी भोकाचे स्टीलचे स्पेसर हिंगण्याच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवर करून मिळतात. फक्त दोन्ही एकाच जाडीचे आणि तोंडं समांतर हवीत, ढोबळ वायसर एकावर एक रचू नका, ते दबतात आणि नट ढिला होतो. मागे एक्सल नटाबाहेर निदान एक-दोन आटे निघालेला दिसला पाहिजे. फ्रेम दाबून अरुंद करायची गरज नाही.

जुगाडू_महालवाला

एवढा खर्च कशाला? आहे त्याच हबवर कॉग चढवा, वरून बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकच्या एक्सलचं बेअरिंग) डाव्या कपाचं लॉकरिंग आवळा, लाल लॉकटाईट (आटे चिकटवणारा गोंद) टाका. आटे तेच आहेत, १.३७ × २४. बरेच जण असंच चालवतात.

उलटे_आटे

आटे तेच आहेत हे खरं, आणि घोळ तिथेच आहे. ते लॉकरिंगही सुलट्या आट्यांचं. कॉग सुटला की ते त्याच्यासोबत सुटणार.

हिशेबच करू. मागे पायाने ४०० न्यूटन दाब दिला, क्रँक १७० मिमी, तर क्रँकवर ६८ न्यूटन-मीटर. गिअर ४२×१६ म्हणजे २.६२५, तर कॉगवर २६ न्यूटन-मीटर, सरळ सोडवण्याच्या दिशेला. हे एकदा नाही, प्रत्येक सिग्नलला. कॉग निसटला की पाय फिरत राहतात आणि चाक आपलं आपलं पळत राहतं. ज्यांचं चालून गेलं त्यांच्या सायकलीला पुढचा ब्रेक असावा, दुसरं काय.

डिस्क ब्रेकच्या १३५ मिमी हबवर करायचं असेल तर एक मार्ग खरंच चांगला आहे: सहा बोल्टचा कॉग. डिस्कच्या जागी, ४४ मिमीच्या वर्तुळावर सहा बोल्टांनी बसतो, चाक उलटं फिरवून लावायचं. तिथे आट्यांचा प्रश्नच उरत नाही. पण चेनलाईन (सायकलच्या मध्यापासून चेनपर्यंतचं अंतर) ५० मिमीच्या पुढे जाते, या क्रँकला ती जुळणार नाही.

सतरा_दाते

चेनलाईनचं कोणी विचारलं नाही, म्हणून लिहिते. फिक्स्डमध्ये चेन तिरपी चालली तर आवाज तर येतोच, वर चेन उतरण्याची भीती असते. आणि चेन उतरली की मागचा ताबाच गेला, कधी कधी चाकच जाम.

ट्रॅक हबवर कॉगचा मध्य चाकाच्या मध्यापासून साधारण ४२ मिमीवर येतो. स्पेसर दोन्ही बाजूंना सारखे असल्याने तो बदलत नाही: १२६ चा अर्धा ६३, लॉकनटपासून कॉग १८, अधिक स्पेसर ३, उरले ४२. एकाच बाजूला ६ मिमी टाकले तर हे बिघडेल, रिमही फ्रेमच्या मध्यात राहणार नाही.

पुढे मोजायची पद्धत: सीट ट्यूबच्या बाहेरच्या अंगापासून चेनरिंगच्या दात्याच्या मध्यापर्यंत मोजा, त्यात ट्यूबचा अर्धा व्यास मिळवा. स्टीलच्या फ्रेमची सीट ट्यूब बहुधा २८.६ असते, म्हणजे १४.३ मिळवायचे. दोन चेनरिंगच्या क्रँकला आतली ४१ च्या आसपास पडते, बाहेरची ४६. म्हणजे तुमच्याकडे असलेली ४२ दात्यांची, आहे त्याच आतल्या जागी ठेवली की काम झालं. ५२ काढून टाका आणि सिंगल चेनरिंगचे आखूड बोल्ट घ्या, जुने लांब बोल्ट आवळले तरी चेनरिंग खुळखुळत राहते. नवी क्रँक घ्यावीच लागत नाही. घेतलीच तर एक जपा, चौकोनी एक्सल जेआयएस (जपानी) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय) अशा दोन मापांचे असतात. आयएसओची क्रँक जेआयएस एक्सलवर चार-साडेचार मिमी बाहेर थांबते आणि जमवलेली चेनलाईन गेली.

चेन १/८ घ्या. १/८ ची चेन ३/३२ च्या दात्यांवर चालते, उलटं चालत नाही. तुमची ४२ ची चेनरिंग ३/३२ आहे, कॉग कुठल्याही रुंदीचा मिळाला तरी एकच चेन पुरेल.

आता ४८×१६. भागाकार बरोब्बर ३. म्हणजे पाय अडवून चाक घासवलं की दर वेळी टायरचा तोच एक तुकडा घासणार. महिनाभरात तिथे दोरे दिसतील. अपूर्णांक लहान करून बघायचा, खाली जो आकडा उरतो तितक्या जागा. ४४×१६ म्हणजे ११/४, चार जागा. ४२×१६ म्हणजे २१/८, आठ. वरचा आकडा विषम असेल आणि तुम्ही दोन्ही पायांनी अडवत असाल तर दुप्पट, सोळा. ४६×१७ ला सतरा.

७००सी चा घेर २.१ मीटर धरला तर ४२×१६ ला एका फेऱ्यात साडेपाच मीटर, मिनिटाला ९० फेऱ्यांवर तासाला ३० किमीच्या जरा खाली. ४८×१६ ला ३४. सेमिनरी हिल्सचा चढ आणि नंतर तोच उतार पायांनी आवरायचा, तर मी ४२ च म्हणेन.

बर्डीचा_पॅडल

आभार सगळ्यांचे. वेल्ड कॅन्सल. चाक आलं, मोजून राहिलो. पायऱ्या ३४.७ आणि ३२.७. पुढे ट्यूबच्या अंगापासून ४२ च्या दात्यापर्यंत २७, म्हणजे २७ + १४.३ = ४१.३. मागे ४२. फरक ०.७. चालेल न? आणि जुना पुढचा ब्रेक नव्या रिमला लागून नाही राहिला, गुटखे (ब्रेकचे रबर) टायरवर चढतात.

सतरा_दाते

०.७ काहीच नाही. दीड-दोनपर्यंत डोळे मिटून, तीनच्या वर गेलं तर विचार करायचा.

ब्रेकचं कारण रिम आहे. २७ इंची रिम ६३० मिमीची, ७००सी ६२२ ची. व्यासात ८ चा फरक, म्हणजे ब्रेकचे गुटखे ४ मिमी खाली यायला हवेत. आधी ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा उरली आहे का बघा, नसेल तर लांब हाताचा कॅलिपर घ्या. गुटखा तिरपा करून अर्धा रिमवर, अर्धा टायरवर असं ठेवू नका, ट्यूब फुटेल. पुढचा ब्रेक रस्त्यावर हवाच. ब्रेकशिवाय फक्त वेलोड्रोमवर (सायकल शर्यतीचा ट्रॅक), पुण्यातल्या बालेवाडीसारख्या.

उलटे_आटे

जोडताना क्रम असा. हबच्या आट्यांना पातळ ग्रीस, कॉग हाताने पूर्ण चढवा. पहिला दीड फेरा तरी बोटांनीच फिरला पाहिजे, अडला तर पाना लावू नका, काढून परत लावा. आडवे आटे पडले की हब गेलं. मग चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेला पाना) आवळा. लॉकरिंग हूक पान्याने, घड्याळाच्या उलट दिशेला. छिन्नी-हातोडी नको, लॉकरिंगच्या खाचा मऊ असतात.

एवढं झालं की पुढचा ब्रेक ठीक आहे याची खात्री करून तेलंगखेडीकडून सेमिनरी हिल्सचा चढ उभ्याने चढा. ७० किलोचा माणूस पॅडलवर उभा राहिला की याच गिअरला कॉगवर ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर येतो, हातातल्या चेन व्हिपने तेवढा सहसा लागत नाही. कॉग आणखी थोडा आत जातो आणि लॉकरिंगमागे फट पडते. म्हणून वर पोचल्यावर, उताराला लागायच्या आधी, लॉकरिंग परत आवळा. पाना खिशात ठेवा. ५० किमीनंतर पुन्हा एकदा.

चेनचा ताण: क्रँक हळूहळू फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधा. तिथे चेन मधोमध १० ते १२ मिमी वरखाली हलली पाहिजे. एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबते असं असेल तर चेनरिंग मध्यात नाही. पाचही बोल्ट किंचित ढिले करा, घट्ट जागी चेनवर लाकडाने हलकं ठोका, आवळा, परत बघा. डिरेलरसारखा स्प्रिंगचा टेन्शनर लावू नका, मागे दाबलं की चेनचा खालचा भाग ताणला जातो आणि तो मोडतो.

तुमच्या खाचा पुढे उघडणाऱ्या असल्याने उजवा नट सरकला की टायर डाव्या चेनस्टेला घासायला लागतो. दात्यांच्या वायसरचे ट्रॅक नट घ्या, १५ चा पाना.

सतरा_दाते

आणि टायर २८ चे घ्या, फ्रेममध्ये मावत असतील तर. आपल्या सिमेंट रस्त्यांचे लांब जोड २३ चा टायर गिळतात. फिक्स्डवर वळताना पॅडल थांबवता येत नाही, तेव्हा १७० ची क्रँक वळणात जमिनीला लागू शकते. रिकाम्या मैदानावर आधी अंदाज घ्या. पॅडलला टो-क्लिप आणि पट्टे हवेतच.

काळी_घोडी

घुसखोरी करतो. आपली नेहमीची काळी, रॉड ब्रेकची सायकल अशी करता येईल का? मागच्या खाचा तर मागे उघडणाऱ्या आहेत, ट्रॅकसारख्याच.

उलटे_आटे

येते, आणि चेन-चेनव्हील बदलायलाही नको, ते मुळातच १/८ असतं. अडचण रिमची. मागची रिम ४० भोकांची, ट्रॅक हब ३२ किंवा ३६ चं. पण पुढची रिम त्याच ६३५ मापाची आणि ३२ भोकांची असते. दुसरी एक पुढचीच रिम घ्या आणि ३२ चं ट्रॅक हब तिच्यात विणून घ्या. स्पोकची लांबी नव्याने काढावी लागेल, जुने लागणार नाहीत. या फ्रेमच्या खाचा ३/८ इंचाच्या एक्सलसाठी, म्हणजे ९.५ मिमी, आणि ट्रॅक हबचा एक्सल १० चा. कानशीने अर्धा मिमी काढा, दोन्ही बाजू सारख्या. जुने नट नव्या एक्सलवर चढवायचा प्रयत्न करू नका, त्यांचे आटे इंचाला २६, नव्याचे १ मिमीचे. मागची रुंदी बहुतेकदा १२० पेक्षा कमी भरते, ती मोजून इथे टाका, मग पुढचं बोलू.