मदत हवी आहे: आठ वर्षांच्या ट्रामाडॉलच्या गोळ्या कमी करायच्या आहेत, पाठ ऐकत नाही

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीची, वय ४९. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते. २०१६ साली कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, गादी सरकली होती. काही महिने बरे गेले, मग उजव्या पायातून करंट गेल्यासारखी कळ परत सुरू झाली. तेव्हाच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल १०० एसआर ही दुखण्यावरची गोळी लिहून दिली, सकाळी एक, रात्री एक. दुसऱ्याच दिवशी मी ओट्याशी उभी राहून घरभराच्या पोळ्या लाटल्या आणि लाटता लाटता रडले, इतकं हलकं वाटलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण गोळी वाईट होती असं माझं म्हणणं नाही. मला मशीनवर परत तिनंच बसवलं.

लॉकडाऊनमध्ये मास्क शिवायचं काम आलं. तेव्हा दुपारची तिसरी गोळी मी माझ्या मनानं वाढवली, ती आजतागायत चालू आहे. आता तीन घेऊनही दुखतंच. पूर्वी कंबर आणि पाय एवढंच दुखायचं, आता मान, दंड, बोटं, सगळं अंग ठणकतं. साडीचा काठ घासला तरी नकोसं होतं.

मार्चमध्ये नेहमीचे मेडिकलवाले म्हणाले, ताई, जुन्या चिठ्ठीवर नाही देता येणार. चिठ्ठी देणारे डॉक्टर परगावी होते. दोन दिवस गोळीविना गेले. नाकातून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, जुलाब. रात्रभर पाय गादीवर आपटत होते. मधूनच डोक्यात शॉक बसल्यासारखं व्हायचं. मला वाटलं डेंग्यू. रक्त तपासलं, काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी गोळी मिळाली आणि संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. तेव्हा कुठे मला उमगलं. जाऊबाई म्हणाल्या, "हे दारूसारखंच झालं की गं." ते अजून जिव्हारी आहे.

मग मीच कमी करायला घेतल्या. हुकांच्या रिकाम्या डबीत आठवड्याच्या गोळ्या मोजून ठेवल्या. एकेक गोळी ओट्याच्या कडाप्प्यावर ठेवून ब्लेडनं मधोमध कापायची. कापडावर माझी कात्री सुताभर चुकत नाही, पण इथं गोळीचा चुरा व्हायचा. तो चुराही बोटानं टिपून खायचे. तीनच्या जागी दीड. घेतल्यावर दोन तास डोकं गरगरायचं, मळमळायचं आणि दुपारचे चार वाजले की जीव नकोसा व्हायचा. नवव्या दिवशी हरले आणि पुन्हा तीनवर आले.

नव्या डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन दिली आहे, अजून सुरू केलेली नाही. त्यांना मी ट्रामाडॉल दोनच सांगितल्या आहेत. ह्यांनाही दोनच माहीत आहेत. झोप लागत नाही म्हणून शेजारच्या काकूंची अल्प्राझोलाम तीन-चार वेळा अर्धी घेतली.

कुणी ही गोळी कमी केली आहे का? किती दिवस लागले? कमी केल्यामुळे होणारा त्रास कुठला आणि मूळचं दुखणं कुठलं, हे ओळखायचं कसं? काम थांबवता येणार नाही, तुळशीच्या लग्नानंतर तर मान वर करायला फुरसत नसते. मशीनवर बसायचं कसं, तेही सांगा. "मनाचा निग्रह करा" असं मात्र कृपा करून लिहू नका. निग्रह आहे माझ्यात.

— पायमशीन


ताई, माझं मेडिकल आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. पहिलं सांगतो ते आजपासूनच करा. एसआरची गोळी कापायची नाही, चुरायची नाही, चावायची नाही. औषध तासन्‌तास हळूहळू सुटावं अशी ती बनवलेली असते. कापली की ती रचनाच मोडते आणि बरंचसं औषध एकदम अंगात येतं. तुमचं दोन तासांचं गरगरणं आणि चार वाजताची तडफड त्यातूनच आली असणार. नऊ दिवस तुम्ही निम्म्या डोसशी तर झगडलातच, वर मोडक्या गोळीशीही झगडलात. ५० च्या साध्या कॅप्सूल मिळतात. कमी करताना त्या कशा बसवायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तुमच्या मेडिकलवाल्यांवर राग धरू नका. ट्रामाडॉल शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या कडक यादीत आहे, २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आहे. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिल्या, हे सगळं रजिस्टरला चढवून तीन वर्षं जपावं लागतं. पण गोळी संपायच्या आठ दिवस आधी चिठ्ठी नवी करून घ्या, म्हणजे मार्चसारखी वेळ येणार नाही.

आणि काकूंची गोळी काकूंनाच राहू द्या. ट्रामाडॉलवर अल्प्राझोलाम पडली की झोपेत श्वास मंदावतो. ते घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

— काउंटरपलीकडून


मी भूलतज्ज्ञ आहे, पेन ओपीडीत बसते. जाऊबाईंचं बोलणं मनातून काढा. इतकी वर्षं रोज हे औषध घेतलं की शरीर ते धरूनच चालायला लागतं. एकदम काढल्यावर तुम्हाला झालं ते कुणालाही होईल. तेवढ्यावरून त्याला व्यसन म्हणत नाहीत. मात्र तिसरी गोळी डॉक्टरांना सांगाच. दोष कबूल करायचा म्हणून नाही हो, त्यांचा हिशेब चुकू नये म्हणून.

ड्युलोक्सेटिनसाठी तर हे फारच गरजेचं आहे. ट्रामाडॉल ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक आहे, शिवाय मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करतं. डोक्यातले ते शॉक त्यामुळेच. ड्युलोक्सेटिनही सेरोटोनिन वाढवते आणि वर ट्रामाडॉल शरीरात साठू देते. दोन्ही मिळून फिट येऊ शकते, किंवा घाम, थरथर, ताप, गोंधळल्यासारखं होऊ शकतं. गोळी चांगली आहे, पण खरा आकडा कळल्याशिवाय सुरू करू नका.

अंगभर पसरलेल्या ठणक्याबद्दल बोलायचं तर, दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्यावर काहींची वेदनेची जाणीवच तीव्र होते. अशांचं दुखणं डोस उतरल्यावर हलकं होतं. तुमचं तसंच असेल असं इथून सांगता येणार नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांना हे वर्णन जसंच्या तसं ऐकवा. वेगाचं म्हणाल तर, वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं २०२२ चं मार्गदर्शन महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही हळू असं आहे. तुम्ही एका दिवसात पन्नास टक्के केलंत! मध्ये थांबलात तरी हरकत नाही. पण डोस बराच उतरल्यावर एखाद्या वाईट रात्री जुन्या तीन गोळ्या एकदम घेऊ नका. तोवर शरीराची सवय गेलेली असते, तेव्हा तो डोस जिवावर बेतू शकतो.

मिरज किंवा कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्र विभागात विचारा, वेदनेची ओपीडी कुठल्या वारी असते म्हणून. मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

— भूल


ताई, मी नाशिकला रिक्षा चालवायचो, पाठ गेली. रोज २५० मिलिग्रॅम ट्रामाडॉलवर होतो, शून्यावर यायला १४ महिने लागले. शेवटची ५० ची एक कॅप्सूल सोडायलाच चार महिने गेले, तेव्हा लवकर सुटेल असं मनात धरू नका.

फरक माझ्यापुरता असा. डोस उतरवल्यावरचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढायचं, अंगभर असायचं, सोबत जांभया, नाक, पोट, पायांची वळवळ. आठ-दहा दिवसांत आपोआप उतरायचं. मूळचं दुखणं आपली जागा सोडत नाही. बसलो की वाढतं, कुशीवर पडलो की कमी होतं. पोराच्या वहीत रोज एक ओळ लिहायचो, किती वाजता, कुठे, किती. सहाव्या दिवशी मागचं पान बघितलं की धीर यायचा, मागच्या खेपेलाही सहाव्या दिवशी असंच होतं म्हणून.

बसण्याचं म्हणाल तर दुखेपर्यंत बसायचं नाही. दुखायच्या आधी उठायचं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मोबाईलवर २० मिनिटांचा गजर लावायला सांगितला होता. गजर झाला की शिवण अर्धी असली तरी उठा, दोन मिनिटं घरात फिरा. सुरुवातीला मला फार राग यायचा त्या गजराचा. कटिंग जमिनीवर वाकून करत असाल तर ते आधी बंद करा, कमरेच्या उंचीच्या टेबलावर घ्या.

बायकोला मी सहा महिन्यांनी सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं.

— तीनचाकी


सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी कापायची नसते हे आठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. डॉक्टरांना भेटेपर्यंत तीनच घेते, पण अख्ख्या. ड्युलोक्सेटिन तशीच ठेवली आहे, काकूंची गोळी त्यांना परत केली.

काल रात्री ह्यांना सांगितलं. हुकांची डबी पुढे ठेवली. त्यांनी त्या गोळ्या ताटलीत ओतून एकेक मोजल्या, परत डबीत भरल्या आणि म्हणाले, गुरुवारी सुट्टी टाकतो, मिरजेला जाऊ. तिथं तीन सांगायच्या हे त्यांच्या समोरच कागदावर लिहून ठेवलं आहे.

तीनचाकी दादा, कटिंग मी सतरंजीवर वाकूनच करते. आज खाटेखाली विटा लावून वर फळी टाकून बघितली, पण हलते. आणि एक विचारायचं राहिलं. माझी मशीन अजून पायाचीच आहे आणि कळ त्याच उजव्या पायात आहे. मोटर बसवली तर त्या पायाला आराम मिळेल, की पाय हलता राहतो तेच बरं? तुमच्या मॅडमना विचारून सांगाल का?

— पायमशीन