बालगृहांचं अनुदान थेट आईच्या हाती द्या

उंबरठा:
बालगृहातल्या मुलांना सरसकट अनाथ म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. प्रत्यक्षात त्यातल्या पुष्कळांची आई हयात असते, कधी वडीलही. आई चार घरची धुणीभांडी करते किंवा नवऱ्याला सोडून माहेरी आलेली असते. पोर कुठे ठेवायचं? मग बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मूल कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे अर्ज.

जुना इतिहास चाळला की वाटतं, आपण मुलाला आईपासून तोडायची सोयच तेवढी उभी केली. १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात तसंच गृह निघालं, पुढे ते प्रार्थना समाजाने चालवलं. जीव वाचले, याबद्दल वाद नाही. पण विधवा बाळंत होऊन गुपचूप गावी परतायची आणि मूल मागे राहायचं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी मुली केडगावला आणल्या. १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा बाल कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी, मग मुंबईत डोंगरी, मानखुर्दची बालगृहं. आधी लाज, मग भूक, मग पोलीस. कारण दर वेळी नवं, इलाज तोच: मूल उचला, इमारतीत ठेवा.

२०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो की संस्था हा शेवटचा पर्याय. मग पैसा पहिल्या पर्यायावर, म्हणजे घरावर, का नाही?

निवृत्त_अधीक्षक:
फुल्यांना या यादीत ओढण्याआधी त्यांनीच १८८४ मध्ये काय लिहिलं ते वाचा. तोवर त्यांच्या गृहात ३५ विधवा बाळंत झाल्या आणि मुलं जगली ५. बाकीची गेली, कारण पोट लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधं घेतली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर काशीबाई होती: जन्मलेलं मूल मारलं म्हणून काळ्या पाण्यावर गेलेली विधवा. तिला कोणी महिना रक्कम दिली असती, तरी गावाने मूल ठेवू दिलं असतं?

आता आजचं. मूल संस्थेऐवजी कुटुंबात वाढावं म्हणून असलेल्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये आहेत. पूर्वी ४२५ होते, मग ११००. वाढ चांगलीच, पण हप्ता वेळेवर पडत नाही, हे लाभार्थी आईला विचारा. आणि मुलाच्या घरी जाऊन मी केलेल्या गृहचौकशांमध्ये गरिबी हे कारण अर्जावर असायचं. खरं कारण सावत्र बाप, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत शेजारीण सांगायची. तिथे पैसे दिले तर ते कोणाच्या खिशात जातील?

उंबरठा:
सावत्र बापाच्या घरातली मुलं मी या मागणीतून वगळतोच आहे. पण अर्जावर नुसती गरिबी आणि चौकशीतही नुसती गरिबीच निघाली, असं कधीच झालं नाही का?

फुल्यांचं म्हणाल तर एका विधवेचा मुलगा यशवंत वाढला तो त्यांच्या घरी, दत्तक मुलगा म्हणून. पुढे डॉक्टर झाला. हे घराचं उदाहरण की संस्थेचं?

तांबडा_रस्सा:
एवढी निपुत्रिक जोडपी रांगेत आहेत. द्या सगळी दत्तक, विषय संपला.

वकीलीण:
नाही संपत. समितीने दत्तकासाठी मुक्त जाहीर केल्याशिवाय मूल दत्तक जात नाही, आणि दर महिन्याला भेटायला येणाऱ्या आईचं मूल मुक्त होत नाही. व्हायलाही नको. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यापासून न्यायालयाने परदेशी दत्तकाला नियमांचं कुंपण घातलं ते उगाच नव्हे.

मूळ मुद्द्यावर मी निम्मी उंबरठांच्या बाजूची. मात्र २०२० आठवा. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना संस्थांमधली मुलं कुटुंबात परत पाठवायला सांगितलं, तेही कोविडच्या ऐन धामधुमीत. आईबापांच्या हातचं काम गेलेलं असताना पोरं घरी. कुटुंब हवं हे तत्त्व छान, पण पुनर्वसन म्हणजे नुसती बसमध्ये बसवणी नव्हे.

माजी_प्रवेशित:
कागदोपत्री आम्हा बालगृहातल्या मुलांना प्रवेशित म्हणतात, म्हणून हे नाव घेतलं.

आई होती. पाच वर्षांचा असताना मला एका बालगृहात ठेवलं आणि बहिणीला दुसऱ्या गावी, कारण मुलांचं गृह वेगळं, मुलींचं वेगळं. जेवण वेळेवर, शाळा नियमित. आईजवळ राहिलो असतो तर दहावी झालो असतो असं मी छातीठोक सांगणार नाही. अधीक्षकसाहेबांचं तेवढं खरं.

पण बहिणीला आणि मला एकमेकांशी काय बोलावं हे आजही सुचत नाही. दिवाळीला भेटलो की पाहुण्यासारखं चहापाणी होतं. हे कुठल्या तपासणी अहवालात येतं? आणि अठरा पूर्ण झाल्यावर मला एक पेटी नि शाळेचे दाखले मिळाले. बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या अनुरक्षणगृहात २१ पर्यंत राहता येतं, हे कळलं तेव्हा मी हॉटेलात कामाला लागून वर्ष झालं होतं. आता सरकारी भरतीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. आई हयात असल्याने मी त्यात बसत नाही.

निवृत्त_अधीक्षक:
भावंडं तोडणं हा नियमाचा दोष आहे आणि तो आम्हालाही छळायचा. दहा वर्षांखालची सख्खी भावंडं एका आवारात ठेवता यावीत असं मी वरिष्ठांना लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. तरी बालगृह बंद करा, हे मला अजून पटत नाही.

उंबरठा:
बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, शीर्षक पुन्हा वाचा. बहीण-भाऊ दोघांसाठी मिळून आजच्या दराने महिना ४,५०० रुपये होतात. तेवढे त्या आईला वेळच्या वेळी मिळाले असते तर दोघांपैकी कोणाला हलवावं लागलं असतं, हे माजी_प्रवेशित यांनीच सांगावं.

माजी_प्रवेशित:
मला नसतं हलवलं. बहिणीचं माहीत नाही, मामा तिचं लग्न लावायला निघाले होते.