बॉक्सर जो लुईसच्या लढती बघितल्या. हा मुहम्मद अलीच्या पंक्तीत कसा?

पहिला_जॅब:
मंडळी, दोन आठवडे रोज रात्री जुन्या लढती बघतोय. अलीची १९६६ ची क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची लढत बघून अवाक झालो. हेवीवेट माणूस असा नाचू शकतो यावर विश्वास बसेना. मग जो लुईस लावला. तो नुसता पाय घासत पुढे येतो, डोकं फारसं हलवत नाही, आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारला की डावा हात खाली पडतो. तरी जाणकारांच्या यादीत हा अलीच्या शेजारी. आपल्या काळातल्या युक्रेनच्या उसिकसारखा सतत कोन बदलणारा डावखुरा समोर आला तर लुईस त्याला गाठणार तरी कसा? की किताब २५ वेळा राखला, त्या आकड्याचाच दरारा आहे? मला खरंच समजून घ्यायचंय.

घंटानाद:
जुन्या फिल्मचा वेग चुकीचा असतो, त्यावरून मत बनवू नका.

कोपऱ्यातून:
वेगाचं म्हणणं लुईसच्या आधीच्या जॅक जॉन्सन आणि डेम्प्सीच्या काळाला लागू आहे. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, म्हणून ती माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. लुईस बोलपटांच्या जमान्यातला. दिसतोय तोच त्याचा वेग.

मी अकरा वर्षं हौशी बॉक्सिंग केलं, आता मुलांना पॅड धरतो. मलाही सुरुवातीला लुईसचं पाय घासणंच दिसायचं. मग एकदा आवाज बंद करून फक्त कमरेखालचं बघितलं. पाऊल जेमतेम वीतभर, आणि दोन पायांमधलं अंतर मोडत नाही. नाचणाऱ्याला जोरात मारण्याआधी पाय रोवावे लागतात. लुईसचे रोवलेलेच असतात. म्हणून त्याचा ठोसा इतक्या जवळून सुटतो आणि तरी माणूस आडवा होतो.

डाव्या हाताची खोड तुम्ही बरोबर पकडलीत. जर्मन बॉक्सर श्मेलिंगनेही तीच पकडली होती. १९३६ मध्ये त्या खाली आलेल्या हातावरून उजवा मारत राहिला आणि बाराव्या राउंडला लुईसला संपवलं. २२ जून १९३८ ला दोघं पुन्हा भेटले, ती लढत २ मिनिटं ४ सेकंद चालली. आधी पहिली पूर्ण बघा, मगच दुसरी.

आता उसिक. तुमच्या प्रश्नाचं उत्तर १८ जून १९४१ च्या लढतीत आहे. समोर बिली कॉन, लाइट-हेवीवेट या खालच्या वजनगटातून वर आलेला, वजनाने लुईसपेक्षा बराच हलका, पायाने विलक्षण चपळ. बारा राउंड झाले तेव्हा दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे होता, तिसरीवर बरोबरी. आजच्या नियमाने तिथेच शेवटची घंटा झाली असती आणि किताब कॉनचा! पण लढत पंधराची होती. तेराव्यात, राउंडची दोन सेकंद उरली असताना, लुईसने त्याला नॉकआउट केलं.

मार्सियानोने १९५२ मध्ये वॉलकॉटला पाडलं तेही तेराव्यात, तिन्ही पत्रिकांवर मागे असताना. लेनर्डने हर्न्सला १९८१ मध्ये चौदाव्यात थांबवलं, तोही मागेच होता. ते शेवटचे तीन राउंड आता खेळातच नाहीत. म्हणून 'कोण जिंकेल' म्हटलं की मी आधी विचारतो, किती राउंडची? बाराची असेल तर उसिकला मी नाही म्हणणार नाही. पंधराची असेल तर माझे पैसे लुईसवर.

अलीचं म्हणाल तर हात खाली ठेवून मागे झुकणं ही त्याच्या पायांची आणि नजरेची उधारी होती. साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर ते पाय तसे राहिले नाहीत. १९७१ ला पंधराव्या राउंडमध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकने (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) तो पाठीवर पडला. आणि उठला, हेही लिहायलाच हवं. १९७४ ला किन्शासात फोरमनसमोर तो दोरांवर रेलून मार खात राहिला आणि आठव्यात जिंकला. पाय गेल्यावर वेगळाच बॉक्सर उभा करणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. त्याचं मोठेपण मला नाचण्यापेक्षा तिथे जास्त दिसतं.

घंटानाद:
मग पंधरा राउंड परत आणायला हवेत ना?

कोपऱ्यातून:
नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्यात पडलेला कोरियन बॉक्सर दुक-कू किम काही दिवसांनी गेला. त्यानंतरच राउंड बारावर यायला लागले. मनिलात १९७५ ला फ्रेझरचा एक डोळा जवळपास मिटला होता, पंधरावा तेवढा बाकी, आणि त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिलं नाही. एकदा मीही माझ्या एका मुलासाठी टॉवेल टाकून लढत थांबवली. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा टाकेन. जुन्या लढतींवर माझं प्रेम आहे, पण त्या तीन राउंडची किंमत कुणी मोजली ते मला विसरता येत नाही.

पहिला_जॅब:
दादा, कॉनची लढत बघितली. फक्त पाय बघायचे ठरवलं होतं, पण बाराव्यात कॉनच्या हुकने लुईस हलला आणि माझं ठरवलेलं सगळं गेलं. एक कळत नाही. इतका पुढे असताना तेराव्यात कॉन लांब का राहिला नाही?

कोपऱ्यातून:
बाराव्यात लुईस हलला म्हणूनच. त्याला वाटलं आता हा संपतो. आणि आत शिरला की तुम्ही लुईसच्या रोवलेल्या पायांसमोर उभे.

आता त्यांची १९४६ ची बघा. आठव्यातच संपते. मधल्या पाच वर्षांत युद्ध झालं होतं. थकले दोघंही, पण लुईसला चालायला वीतभर पाऊल पुरत होतं. कॉनचे पाय गेले होते.